बिनगव्हाचा ब्रेड

बायकोसाठी घरी ब्रेड करणारा नवरा म्हणून आमच्या सोसायटीत माझं नाव झालं होतं, आणि ते मला आवडलं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो. लिफ्टमध्ये शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "बघा, काका काकूंसाठी स्वतः ब्रेड करतात." नवरे माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघायचे. मी नुसता हसायचो. छत्तीस वर्षांच्या संसारात स्वतःचा चहासुद्धा स्वतः न केलेल्या माणसाला एवढं कौतुक महिनाभर पुरतं.

आम्ही दोघं नवीन पनवेलला राहतो. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला असते. मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. डब्यातल्या रंगात कणभर दुसरं काही मिसळलं तरी अख्खा माल परत पाठवायचा, हे माझं तीस वर्षांचं काम. त्यापायी मी पुष्कळांशी भांडलो. सुपरवायझर लोक माझ्या नावाने बोटं मोडायचे आणि मला त्याचा अभिमान होता. निवृत्त झाल्यावर भांडायला कोणी उरलं नाही, आणि नेमकं त्याच सुमारास हिचं दुखणं निघालं.

दुखणं जुनंच होतं, नाव नवीन मिळालं. हिच्या अंगात रक्त कमी, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो. लोहाच्या गोळ्या, खजूर, बीट, सगळं झालं. जरा काही खाल्लं की पोट बिघडायचं, म्हणून लग्नकार्याला जायचं असलं की ती आदल्या दिवसापासून उपाशी राहायची. ब्लाउज दोनदा आत घेऊन झाले. साडी नेसताना निऱ्या वाढायला लागल्या. "बायकांचं असतंच असं काही ना काही," असं कोणीतरी म्हणालं होतं आणि ते वाक्य मी पुढे बरीच वर्षं स्वतःचं म्हणून वापरलं.

शेवटी खारघरच्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि निदान झालं. हिला गहू चालत नाही. गव्हात ग्लुटेन म्हणून जे असतं ते पोटात गेलं की हिचं आतडं आतून सोलवटून निघतं आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध असं काही नाही. गहू, रवा, मैदा जन्मभर बंद, कणभरही नाही. बंद राहिला तर आतडं हळूहळू भरून येईल. नाही राहिला तर ह्या वयात ते अवघड होत जाईल, आणि त्याच्या पुढचं आज सांगत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा तिचं वजन एकोणचाळीस किलो होतं.

कणभरही नाही हे ऐकून मला, खरं सांगतो, हुरूप आला. हे तर माझंच काम होतं.

तिने ब्रेड मागितला होता असं मात्र नाही. "मला काय, भात आहे, भाकरी आहे," एवढंच ती म्हणाली. पण भाकरी थापायला हातात जोर लागतो आणि तो तिच्या हातात राहिला नव्हता. सकाळचा स्वयंपाक उरकेपर्यंत ती दमून जायची आणि स्वतः नुसता वरणभात खाऊन उठायची. निदान होईपर्यंत आम्ही सकाळच्या चहाबरोबर बेकरीचा ब्रेड खायचो. पुड्यातले कडेचे दोन्ही जाड तुकडे ती स्वतःसाठी काढून ठेवायची. आता मी ब्रेडला लोणी फासत बसायचो आणि ती समोर वाटीत मुरमुरे घेऊन. मला ते बघवेना. मुलीला फोनवर सांगितलं, तर चार दिवसांत ऑनलाइन मागवलेलं ब्रेड मशीन दारात हजर झालं. "बाबा, हे तुम्ही करायचं. आईने नाही," असं तिने मला बजावलं.

मशीन म्हणजे एक झाकणाचा डबा. आत उभट तपेलं, तपेल्याच्या तळाला बोटाएवढं पातं. साहित्य टाकायचं आणि बटण दाबायचं, मग ते मळतं, फुगवतं आणि भाजतं. बरोबर आलेल्या पुस्तिकेत तरी तसं लिहिलं होतं. बिनगव्हाच्या ब्रेडसाठी वेगळं बटण होतं. पीठ मी ठरवलं: तांदूळ, थोडी ज्वारी, आणि साबुदाणा मिक्सरवर बारीक करून. गव्हाच्या पिठाला जो धरून ठेवणारा चिकटपणा असतो तो ह्यांतल्या एकालाही नाही, म्हणून त्यात इसबगोल घालायचं. इसबगोल आमच्या घरात माझ्या वेगळ्या कारणासाठी आधीपासून होतं. शिवाय दोन अंडी, तेल, साखर, मीठ आणि यीस्ट. ह्या सगळ्याचा गोळा म्हणून होतच नाही. भज्यांच्या पिठाहून जरा घट्ट असं काहीतरी आत फिरत राहतं, आणि पहिली पाच मिनिटं झाकण उघडून रबरी चमच्याने कडांचं कोरडं पीठ मधे लोटावं लागतं. नाही लोटलं तर ते तसंच कोरडं भाजून निघतं.

पहिला ब्रेड वीट झाला. दुसरा छान फुगला आणि भाजता भाजता मधोमध खचला. तिसरा बाहेरून खरपूस आणि आत इतका कच्चा की सुरी बाहेर येईना. मुलगी बंगळूरहून उंटावरून शेळ्या हाकत होती. "बाबा, पाणी कपाने नका मोजू, वजन करून घाला." मी वजनकाटा आणला आणि एक डायरी सुरू केली. बॅच नंबर, तारीख, प्रत्येक पीठ ग्रॅममध्ये, पाणी, पट्टीने मोजलेली ब्रेडची उंची, आणि शेरा. पनवेलची हवा पावसाळ्यात इतकी दमट की पीठ डब्यात बसल्या बसल्या पाणी पितं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कमी घालायचं, हेही त्या डायरीत आहे. मंगळवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्या दिवशी ब्रेड लावायचा नाही, हे एका मंगळवारी अर्धा भाजलेला ऐवज कचऱ्यात टाकून शिकलो.

ती प्रत्येक ब्रेड खायची. "चांगला झालाय," म्हणायची आणि चहात बुडवायची, कारण बुडवल्याशिवाय तो घशाखाली उतरत नव्हता. पात्यामुळे ब्रेडला खालून एक भोक पडतं. त्या भोकाभोवती नेहमी कच्चं राहायचं. तो भाग ती आधी खाऊन टाकायची, मला तो ताटलीत दिसू नये म्हणून. मला दिसायचा. मी शेऱ्यात लिहायचो, तळ कच्चा.

सत्ताविसाव्या बॅचला ब्रेड जमला. कापताना मोडला नाही, वर लोणी फासता आलं, आणि त्या सकाळी तिने तो न बुडवता खाल्ला. मी फोटो काढून मुलीला पाठवला. सोसायटीतल्या दोन घरी नमुने दिले. त्या दोन्ही घरांत तो कोणी खाल्ला नसणार, पण माझं नाव झालं ते त्या दिवसापासून.

दर तीन-चार महिन्यांनी तिचं रक्त तपासायचं होतं. पोटात गहू जातोय की नाही हे सांगणारा एक आकडा असतो रक्तात. गहू थांबला की तो उतरत जातो. पहिल्या वेळी तो जरासा उतरला. दुसऱ्या वेळी होता तिथेच. तिसऱ्या वेळी चढला. वजन अडतीस. जिन्याचे पाच-सहा टप्पे चढल्यासारखा दम तिला न्हाणीघरातून बाहेर येताना लागायला लागला.

म्हणजे गहू कुठून तरी येत होता, आणि तो शोधून काढणं मला भाग होतं. आधी हिंग धरला. बाजारातल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं हे डबीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि आपण ते जन्मभर वाचत नाही. हिंग बंद केला. मसाले घरी कुटले. तिची कढई वेगळी, डाव वेगळा, भांड्यांची घासणी वेगळी, तिच्या डब्यांना लाल पट्ट्या. कामवाल्या बाईला मी घासण्या अदलाबदल केल्याबद्दल इतकं बोललो की ती दोन दिवस आली नाही. आणि मग गिरणी.

आमचा गिरणीवाला जवळच्या गव्हाण गावचा. रोज स्कूटरवर येतो. त्याला मी सुरुवातीपासून नियम घालून दिला होता. सोमवारी सकाळी गिरणी उघडल्या उघडल्या जातं झाडायचं, आधी दोन किलो तांदूळ दळून ते पीठ फेकून द्यायचं, आणि मगच आमचे तांदूळ आणि ज्वारी. दळण होईपर्यंत मी समोर उभा राहायचो. बिचारा एका शब्दाने कुरकुरला नाही. तिसरा रिपोर्ट आला त्या सोमवारी मी गिरणीत गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो, "तुझ्या गिरणीपायी माझी बायको मरेल, समजलं का?"

त्याने खटका बंद केला. पट्टा फिरत फिरत थांबला.

"काका, तुमचं दलन मी सगल्यांच्या आधी करतो," तो म्हणाला. "जातं झाडून करतो. तुमी सोता उभं असता. आता हवेतच पीठ हाय, त्याला मी काय करू? सांगा." मग खांद्यावरच्या फडक्याने हात पुसत म्हणाला, "आनि गहू पन तुमी हितनंच नेता ना, काका."

"तो माझा," मी म्हणालो. "त्याचा डबा वेगळा आहे."

"मंग नाय काय," असं म्हणून त्याने खटका सुरू केला. मी तणतणत घरी आलो आणि दुसरी गिरणी शोधायचं ठरवलं.

चौथ्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्याकडच्या डाएटिशियन बाईंकडे पाठवलं. आमच्या मुलीच्या वयाची मुलगी. मी डायरी बरोबर घेतली होती. त्यांनी पानं उलटली, थांबल्या, पुन्हा मागे गेल्या. "काका, इतकं कोणीच लिहीत नाही," असं म्हणाल्या. मला बरं वाटलं. कारखान्यात बाहेरचे तपासनीस यायचे तेव्हा माझी रजिस्टरं बघून असंच म्हणायचे.

"आता मला सकाळपासून सांगा," त्या म्हणाल्या. "घरात दिवसभर काय काय शिजतं?"

मी सांगायला लागलो. सहाला चहा, तिच्यासाठी माझ्या ब्रेडचे दोन तुकडे. नऊला ताक. साडेदहाला स्वयंपाक, तिला भात, आमटी, भाजी.

"आणि तुम्हाला?"

"मला पोळ्या."

"किती?"

"सकाळी चार. संध्याकाळी तीन."

"करतं कोण?"

"हीच," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी अजूनही पुढचं सांगायच्या तयारीत होतो. मग त्या माझ्याकडे न बघता हिच्याकडे बघून म्हणाल्या, "काकू, मी तुम्हाला पहिल्याच वेळी सांगितलं होतं ना? कणकेत हात घालायचा नाही. लाटताना पीठ उडतं ते नाकातोंडात जातं. नखांत बसतं. तोच तवा, तोच ओटा. सांगितलं होतं ना?"

ही पर्सची चेन उघडत आणि लावत होती. "हो," म्हणाली.

त्या पहिल्या वेळी, निदान झालं तेव्हा, मी त्या खोलीत नव्हतो. खाली गाडी लावायला जागा शोधत होतो. वर आल्यावर मी विचारलं होतं, काय म्हणाल्या? "गहू बंद म्हणाल्या," एवढंच तिने सांगितलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो. मसाल्यात गहू शोधला, कामवालीच्या घासणीत शोधला, गव्हाणच्या गरीब माणसाच्या जात्यात शोधला. रोज सात पोळ्या माझ्या ताटात पडत होत्या आणि त्या मी जेवत होतो.

परतताना कळंबोलीच्या सर्कलला गाडी अडकली. पुढे-मागे बंदराकडे निघालेले कंटेनरचे ट्रेलर. मी काचा बंद करून ओरडलो, "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?"

"मी पोळ्या सोडल्या असत्या!"

ती बाहेर ट्रेलरच्या चाकांकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "पोळीवाली बाई लावली होती ना आपण."

मला आठवेना. मग आठवलं. निदान झालं त्याच आठवड्यात हिने पोळ्यांना एक बाई लावली होती. पहिल्या दिवशी मी म्हणालो, हे चामडं कोण खाणार? हिने दुसरी बाई बघितली. तिची पोळी मी दोन बोटांनी उचलून ताटाबाहेर ठेवली आणि नुसता भात खाऊन उठलो. दोन दिवस नीट बोललोही नाही. तिसऱ्या दिवसापासून पोळ्या पहिल्यासारख्या झाल्या आणि मी काही विचारलं नाही. हे ती मला टोमणा म्हणून सांगत नव्हती. मी विचारलं म्हणून सांगत होती.

मला लाज वाटली. पण त्याच्या आधी राग आला होता आणि तो तिच्यावर आला होता, हेही लिहून ठेवतो. वाटलं, ही मला खुनी ठरवणार. मग ट्रेलर हलेपर्यंत बसून राहिलो आणि एकेक डोक्यात यायला लागलं. हिचं माहेर उरणकडचं, वडील तिथल्या शाळेत मास्तर. त्यांच्या घरात दोन्ही वेळा भात आणि तांदळाची भाकरी, गहू यायचा तो सणाला. लग्न होऊन आली तेव्हा हिला पोळी नीट लाटता येत नव्हती. माझी आई साताऱ्याची. तिने हिला पहिलं वर्षभर रडवून पोळी शिकवली, आणि पुढे हिच्या पोळ्यांचं पाहुण्यांपुढे कौतुकही तिनेच केलं. मी त्या कौतुकाच्या वेळी मान डोलवायचो, रडण्याच्या वेळी पेपर वाचायचो. गहू तिच्या आयुष्यात माझ्याबरोबर आला. आणि स्वतःसाठी एक भाकरी थापण्याचा जोर तिच्या हातात उरत नव्हता, कारण तो सगळा जोर माझ्या सात पोळ्यांत जात होता. मला वाटत होतं ती आजाराने दमते.

घरी आल्यावर मी गव्हाच्या पिठाचा डबा उचलून वॉचमनला देऊन टाकला. पोळपाट, लाटणं, जुना तवा, परात, सगळं गेलं. ओटा मी स्वतः तीनदा पुसला. ती दारात उभी राहून बघत होती. "परात कशाला देताय?" एवढंच म्हणाली. परात तिच्या आईने दिलेली होती. ती मी गेटवरून परत मागून आणली, गरम पाण्याने धुतली आणि माळ्यावर टाकली.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोघांचं जेवण एकच. भात, ज्वारीची भाकरी कामवाली बाई करून जाते ती, आणि माझा ब्रेड. पहिले पंधरा दिवस मला प्रायश्चित्ताचा उत्साह होता. मुलीला फोन करून सांगितलं तेव्हा ती नुसतं "बरं, बाबा" म्हणाली. पंधरा दिवसांनी उत्साह संपला आणि नुसतं जेवण उरलं. माणूस किती क्षुद्र असतो हे त्याला ताटावर कळतं. मी आमटीत मीठ कमी म्हणून चिडायचो, भाकरी जाड म्हणून चिडायचो, कशानेच चिडायला मिळालं नाही तर पंख्याच्या आवाजाने चिडायचो. चिडण्याचं कारण दोघांनाही माहीत होतं.

"तुमच्या तोंडाकडे बघवत नाही," ती एकदा म्हणाली. "दोनच लाटते. गॅलरीत बसून, तोंडाला रुमाल बांधून."

"नाव काढू नकोस," मी ओरडलो. ओरडताना मला आपण फार मोठं काही करतोय असं वाटत होतं.

तिचं मात्र काहीच चांगलं झालं नाही. साडेदहा वाजले की ती सवयीने उठायची, ओट्यापर्यंत जायची, एखादं भांडं सरळ करायची आणि परत येऊन खुर्चीत बसायची. मला वाटलं होतं आराम मिळेल. आराम कसा करायचा हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. टीव्ही लावून दिला तर ती टीव्हीच्या जरा बाजूला बघत बसायची.

पुढचा रिपोर्ट आला. आकडा उतरला होता, चांगला खाली. मी डॉक्टरांच्या टेबलापाशी खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या खांद्यावर हात ठेवला, जे मी चारचौघांत कधी करत नाही. डॉक्टरांनी मग पुन्हा दुर्बीण घातली. आत भरून येताना दिसत नव्हतं. बराच काळ सोलवटत राहिल्यावर काही जणांचं आतडं मागे फिरत नाही, असं ते म्हणाले. वजन सदतीस. आता आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, म्हणाले, आणि आणखी काही गोळ्या लिहून दिल्या.

ही बाहेर गेल्यावर मी मागे थांबलो. "दोन वर्षांपूर्वी, पहिल्या दिवसापासून कडक पाळलं असतं, तर?"

"तसं सांगता येत नाही," ते म्हणाले. भला माणूस आहे. कारखान्यात माझ्यासमोर मोडीत काढायचा माल यायचा आणि ज्याच्या हातून बिघडला तो कामगार विचारायचा, साहेब, माझ्यामुळे का? तेव्हा मीही हेच म्हणायचो, आणि ते कधीच खरं नसायचं.

ब्रेड मी अजून लावतो. आता तो उत्तम होतो. खचत नाही, तळ कच्चा राहत नाही, कापला की पातळ सारखे तुकडे पडतात. ती अर्धा तुकडा खाते. कधी तोही उरतो. डायरी मी शंभराव्या बॅचनंतर बंद केली, कारण लिहिण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मागच्या महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायचं होतं. काम लवकर झालं. बाराच्या सुमाराला स्टेशनकडून येताना एका खानावळीच्या दारात पोळ्यांचा वास आला. पाय आपोआप वळले असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. मी बाहेर उभा राहून पाटी वाचली, आत ओळखीचं कोणी आहे का ते बघितलं, कोपऱ्यातलं टेबल निवडलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. पोळ्या तव्यावरून थेट ताटात येत होत्या, तेल लावलेल्या. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायको घरी झिजत असताना पोळीच्या घासाने डोळ्यांत पाणी येणारा माणूस मी, दुसरं काय. दोन खाऊन उठायचं ठरवलं होतं. पाच खाल्ल्या.

नळावर हात साबणाने दोनदा धुतले, चुळा भरल्या, शर्ट झटकला. सोसायटीच्या गेटपाशी पुन्हा एकदा झटकला. तिला कणभरही लागू नये म्हणून, असं स्वतःला सांगितलं.

घरी ती जेवायची थांबली होती. दोन ताटं मांडलेली, माझ्या ताटात भात, भाकरी, आणि ब्रेडचा एक जाड तुकडा, कडेचा.

"भूक नाही फारशी," मी म्हणालो. "बँकेत उशीर झाला, तिथे चहा झाला दोनदा."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, किंवा मी दोन हात लांब उभा होतो त्यावरून तिला कळलं असेल.

"पोळ्या होत्या?" तिने विचारलं.

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. "हो," म्हणालो.

"मऊ होत्या?"

"हो."

तिने मान हलवली. रागावली नाही. ती रागावली असती तर मी कुठेतरी उभा राहू शकलो असतो.

"मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दिवस काढलेत तुम्ही," ती म्हणाली, आणि माझ्या ताटातला ब्रेड उचलून तिने स्वतःच्या ताटात घेतला.